पिसांचा तक्ता : प्रकल्पाच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

वाचनालयाच्या बालविभागात दोन कपाटांच्या मधली भिंत मोकळी होती, ती आम्हाला मिळाली. तिच्यावर पक्ष्याच्या अंगाचे आणि पिसांचे इंग्रजी शब्द समजावणारा तक्ता लावायचा. शब्द इंग्रजीच राहतील, लिपी देवनागरी आणि स्पष्टीकरण मराठीत.

हे काम का काढलं ते आधीच लिहून ठेवते, नाहीतर मध्येच विसरायला होईल. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली मुलं घरात मराठी, खाली ओट्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलतात. पक्षी बघायला नेलं की हातात पुस्तक इंग्रजी. त्यात एकेका पक्ष्यापुढे लिहिलेलं असतं : सुपरसिलियम फिकट, रंप तांबूस, अंडरटेल कव्हर्ट्स पांढरी. मुलं ही ओळ ओलांडून थेट चित्रावर जातात. चित्रात चार पक्षी शेजारी शेजारी, चारही तपकिरी. फरक सगळा त्या ओलांडलेल्या ओळीत असतो. मग 'मावशी, हे सगळे सेमच आहेत' असं म्हणून पुस्तक पिशवीत जातं.

वाटणी अशी झाली : शब्द आणि मजकूर माझ्याकडे, कारण इंग्रजी शिकवण्यातच जन्म गेला. पक्ष्यांचं भाच्याकडे. चित्रं सूनबाईकडे, ती आपल्या युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सची, हात चांगला आहे.

13 नोव्हेंबर

यादी केली. अ‍ॅल्युलापासून व्हेंटपर्यंत, इंग्रजी वर्णक्रमाने. भाच्याने वाचली आणि एवढंच विचारलं, 'मावशी, पक्षी समोर बसला की तो वर्णक्रमाने दिसतो का?'

बरोबर आहे. शब्दकोशाचा क्रम ज्याला शब्द ठाऊक आहे त्याच्या कामाचा. ज्याला पक्षी दिसतोय पण शब्द माहीत नाही, त्याला तो उलटा पडतो. म्हणून क्रम अंगावरून : चोचीपासून सुरू करून डोक्यावरून मागे, पाठीवरून शेपटीपर्यंत, मग गळ्यापासून पोटाखालून पुन्हा शेपटीपर्यंत. पंख वेगळा, उघडलेला.

प्रतिशब्दांचा प्रश्नही आजच निघाला. बडोद्यात ही परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 मध्ये, राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांचा 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु' निघाला. एका शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द मांडलेले. सात भाषांचे रकाने आम्हाला झेपणार नाहीत. नियम असा केला : मराठीत चालता शब्द असेल तर तो द्यायचा, नसेल तर नवा घडवायचा नाही, जागा बोटाने दाखवायची. 'पुच्छाधोवर्ती आच्छादक पिसे' असलं काही भिंतीवर लागणार नाही, एवढं नक्की.

17 नोव्हेंबर, रविवार

खरी पिसं लावायची की नुसती चित्रं? माझा आग्रह खऱ्या पिसांचा. भाच्याने कायदा पुढे केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ट्रॉफीच्या व्याख्येत शिंगं, नखं, दात यांच्याबरोबर पीसही धरलंय. म्हणजे कमाटीबागेत पडलेलं नीलकंठाचं किंवा घारीचं पीस मुलांनी उचलून वहीत ठेवायचं, हे शिकवायला नको. फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवायची, पीस तिथेच सोडायचं.

मोराच्या शेपटीच्या पिसाला त्याच कायद्यात सूट आहे. (शेपटीचं पीस म्हटलंय. त्यावर पुढे लिहीन, कारण ते शेपटीचं नाहीच.)

मग खरी पिसं कुणाची? गावठी कोंबडी आणि कोंबडा. शिवाय शेजारच्या काकूंच्या पिंजऱ्यातल्या बजरीगारांची गळलेली पिसं. त्या त्यांना 'लव्ह बर्ड्स' म्हणतात, अख्खं बडोदं म्हणतं. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, बजरीगार ऑस्ट्रेलियाचे. काकूंना सांगितलं, तर 'एकमेकांवर प्रेम करतात ना, मग झालं' म्हणाल्या.

24 नोव्हेंबर, रविवार

आज एकच पीस पाहिलं, कोंबडीच्या पंखाचं, पण दुपार त्यातच गेली. घड्याळजींकडून दहापट दाखवणारं भिंग आणलं होतं.

बुडापासून सुरुवात. त्वचेत रुतलेला जो पोकळ, अर्धपारदर्शक भाग, तो कॅलमस. नखासारखा कडक लागतो. कात्रीने उभा चिरला तर आत वाळलेल्या पातळ टोप्या एकात एक बसलेल्या दिसतात. पीस वाढत असताना आत रक्त खेळवणारा गाभा होता, तो मागे सरताना ठेवून गेलेल्या या खुणा. कॅलमसच्या वरचा भाग रेकिस. तो पोकळ नाही, आत पांढरा भुसभुशीत भेंडासारखा भाग आहे, आणि खालच्या अंगाला एक बारीक खाच लांबवर जाते. दोन्ही मिळून शाफ्ट, आपली काडी. बोलीभाषेतल्या इंग्रजीत क्विल म्हणतात ते कधी नुसती नळी, कधी अख्खं मोठं पीस. तक्त्यावर क्विलपुढे दोन्ही अर्थ द्यावे लागतील.

काडीच्या दोन्ही बाजूंना जे सपाट पसरलंय ते व्हेन. देवनागरीत लिहिलं की 'व्हेन' म्हणजे शीर की 'केव्हा' असा घोळ होणारच. आपल्याकडे पातं हा शब्द आहे, गवताचं असतं, डोळ्याचं असतं. इथे तो चपखल बसतो. पातं ठळक, व्हेन त्याखाली.

आता मजा. पातं नजरेला अखंड दिसतं, पण ते तिरप्या धाग्यांचं आहे. प्रत्येक धागा म्हणजे बार्ब. भिंगातून बघितलं तर प्रत्येक बार्बला दोन्ही बाजूंनी आणखी बारीक फांद्या, त्या बार्ब्यूल. टोकाकडच्या बार्ब्यूलांना आकड्या असतात. शेजारच्या बार्बच्या बुडाकडच्या बार्ब्यूलांना त्यांच्यासाठी कड असते. ब्लाउजच्या हुक-काजाचीच योजना. या आकड्यांना हुकलेट म्हणायचं, शास्त्रात हॅम्युलस. दहापट भिंगातून आकडी दिसत नाही, बार्ब्यूलची लव तेवढी दिसते. त्यामुळे आकड्या चित्रातच दाखवायच्या.

पातं मधोमध बोटाने फाडलं. खरर असा बारीक आवाज झाला आणि त्रिकोणी फट पडली. मग अंगठा आणि तर्जनीत धरून बुडाकडून टोकाकडे दोनतीनदा ओढलं, फट मिटली. कुठे होती ते सूनबाईला दाखवता येईना. पक्षी दिवसभर चोचीने हेच करत असतो, तेच प्रीनिंग. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिथे चोच घासून ते तेल पिसांना लावणं हाही त्याचाच भाग. चिमणी पंखात चोच खुपसून काय करते, या प्रश्नाचं उत्तर भिंतीवर असं मिळालं पाहिजे की मुलाने पीस फाडावं आणि मिटवावं. म्हणजे तक्त्याखाली खरी पिसं दोरीला लटकवायची, काचेआड नाही. फाटून फाटून खराब झाली की बदलायची. कोंबड्या काही कमी नाहीत.

बुडाजवळचे बार्ब मात्र मोकळे, फुलासारखे. त्यांच्या बार्ब्यूलांना आकड्याच नाहीत म्हणून. त्याच भागाला इंग्रजीत डाउनी म्हणतात. आणि कोंबडीच्या अंगावरच्या पिसाला तर काडीच्या मागे, जिथे कॅलमस संपतो तिथे, एक छोटं मऊ पीस जोडलेलं असतं : आफ्टरफेदर. एका मुळावर दोन पिसं. इतकी वर्षं घरात कोंबडी साफ होताना पाहिली, याच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

1 डिसेंबर

पिसांचे प्रकार. पटकन.

कॉन्टूर : अंगाला आकार देणारी, बाहेरून दिसणारी. डाउन : काडी जवळजवळ नाही, नुसता मऊ झुबका, ऊब धरतो. सेमीप्लूम : दोन्हींच्या मधलं, काडी आहे पण पातं विस्कटलेलं. फिलोप्लूम : केसासारखं, टोकाला दोनचार बार्ब, बाजूचं मोठं पीस हललं की त्याची जाणीव त्वचेला पोचवतं. सोललेल्या कोंबडीवर जे केस राहतात आणि आपण ज्योतीवर भाजून काढतो, तीच फिलोप्लूम. ब्रिसल : चोचीच्या कडेच्या ताठ मिशा. पावडर डाउन : याची टोकं सतत भुगा होऊन पडतात. बगळ्यांना त्याचे खास पट्टे असतात, कबुतरांनाही ही पिसं असतात. कबूतर खिडकीच्या काचेवर आपटलं की त्याचा पांढरा ठसा उमटतो, पंखांसकट, तो या भुकटीचा. आमच्या जिन्यातल्या काचेवर असा एक आहे, पुसायचा नाही असं सगळ्यांना सांगितलंय.

8 डिसेंबर, रविवार

पंखाचा दिवस. कोंबडीवाल्याने अख्खा पंख वेगळा काढून दिला. पाटावर टाचण्यांनी पसरला.

उडण्याची मोठी पिसं ती रेमिजेस. लॅटिनमध्ये वल्हेकरी. शेपटीची मोठी पिसं रेक्ट्रिसेस, म्हणजे सुकाणू धरणाऱ्या. नाव ठेवणाऱ्याने पक्ष्याकडे होडी म्हणून पाहिलं होतं. हे दोन शब्द पक्षिनिरीक्षकांच्या पुस्तकात क्वचित येतात, पण मुलांना ही गोष्ट आवडेल म्हणून कोपऱ्यात ठेवते.

रोजच्या वापरातले शब्द प्रायमरी आणि सेकंडरी. फरक हाडाचा आहे. प्रायमरी पक्ष्याच्या हातावर, म्हणजे मनगटाच्या पुढच्या हाडांवर रुजतात. सेकंडरी कोपर ते मनगट या हाडावर. पसरलेल्या पंखावर बोट ठेवून मनगट शोधलं की एका झटक्यात कळतं. कोंबडीला प्रायमरी 10. प्रायमरी आणि सेकंडरीच्या सीमेवर एक आखूड, उगाच उभं राहिल्यासारखं पीस सापडलं. कोंबड्या पाळणाऱ्यांच्या इंग्रजीत ते अ‍ॅक्शियल फेदर. मोजणी कुठून सुरू करायची याची खूणच जणू.

मोजणीवरून भाच्याशी थोडं वाजलं. प्रायमरी आतून बाहेर मोजायच्या की बाहेरून आत? जुन्या ब्रिटिश पुस्तकांत बाहेरून आत मोजत, आता बहुतेक जण आतून बाहेर मोजतात, कारण पुष्कळ पक्ष्यांची प्रायमरी झडतात तीही त्याच क्रमाने. आम्ही आतून बाहेर घेतलं. सेकंडरी मनगटाकडून अंगाकडे.

अंगाला लागून जी शेवटची तीनचार, ती टर्शियल. बसलेल्या पक्ष्याचा मिटलेला पंख याच पिसांखाली झाकलेला असतो. म्हणून बसलेला पक्षी ओळखायला टर्शियल उपयोगी, उडणाऱ्याला प्रायमरी. ही ओळ तक्त्यावर हवी.

वरून मोठ्या पिसांची मुळं झाकणारी छोटी पिसं म्हणजे कव्हर्ट्स. कौलांच्या ओळींसारख्या त्यांच्याही ओळी, लेसर, मीडियन, ग्रेटर. आणि अंगठ्याच्या जागी दोनचार ताठ पिसं : अ‍ॅल्युला. हळू उडताना, उतरताना पक्षी ती उचलतो, म्हणजे पंखावरून हवा सुटून तो धपकन पडत नाही. काबर, म्हणजे आपली साळुंकी, गच्चीच्या कठड्यावर उतरते त्या क्षणाचा फोटो भाच्याने काढलाय, त्यात ती उभी राहिलेली स्पष्ट दिसतात. चित्र त्यावरूनच.

15 डिसेंबर, रविवार. वढवाणा

डभोईच्या पुढे, पहाटे निघून. हा तलाव गायकवाडांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, 2021 पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. पाण्यावर हिवाळी गर्दी : पट्टकादंब, थापट्या, वारकरी. कठड्यावर माणसांचीही.

येण्याचं कारण एक शब्द, स्पेक्युलम. बदकांच्या सेकंडरींवरचा तो चमकता पट्टा. लॅटिनमध्ये आरसा. चित्रात तो नेहमी दिसतो, पाण्यावर बसलेल्या बदकात बहुतेक वेळा दिसत नाही, कारण अंगाच्या बाजूची पिसं, फ्लँक, आणि वरची टर्शियल त्याला झाकतात.

हळदीकुंकू बदकांचा थवा काठाशी होता. चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके, नावाला याहून पुरावा नको. बसलेलं असताना मागच्या बाजूला एक पांढरी रेघ दिसते. तीच टर्शियल. आठवड्यापूर्वी पाटावर टाचणीने टोचलेला शब्द पाण्यावर तरंगताना दिसला, तेव्हा दुर्बीण सूनबाईकडे द्यायला उशीर केला. मग एकाने पंख ताणला, एकाच बाजूचा, पाय मागे करून. हिरवा आरसा उघडला, त्याला काळी आणि पांढरी कड. बंद झाला.

थापट्यांचे नर अजून अर्धवट होते. डोकं हिरवं व्हायचं ते ठिगळं लावल्यासारखं, छाती मळकट. बदकांचे नर विणीनंतर झगमगीत पोशाख टाकून मादीसारखे साधे होतात, त्याला इक्लिप्स म्हणतात, ग्रहण. त्याच सुमारास उडण्याची सगळी पिसं एकदम झडतात आणि काही आठवडे बदक उडूच शकत नाही, तेव्हा साधं दिसण्यातच शहाणपण. थापट्या त्यातून बाहेर यायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतो, डिसेंबरातही नर कच्चाच दिसतो. पण पंख मात्र तोच राहतो. अंगावरची पिसं बदलली तरी स्पेक्युलम बदलत नाही. म्हणून गोंधळात टाकणारं बदक असलं की पंख ताणायची वाट बघायची.

वाट बघायची, हेच मुलांना जमत नाही. मला तरी कुठे जमतं.

22 डिसेंबर

आज शब्द काढून टाकले. माझ्या आवडीचे गेले, म्हणून नोंद मोठी होणार.

मला वाक्प्रचार हवे होते : टोपीत पीस खोवणं, एकाच पिसांचे पक्षी एकत्र येणं, बॉक्सिंगमधला फेदरवेट, लेखकाचं नॉम द प्लूम. भाचा म्हणाला, हे पाठ करून बुलबुल ओळखता येतो का? येत नाही. गेले.

तीन ठेवले. पहिला फ्लेज. पिल्लाला उडण्याजोगी पिसं फुटणं म्हणजे फ्लेज होणं, तसं पिल्लू फ्लेजलिंग. 'फुल-फ्लेज्ड शोरूम' असं आपण रोज म्हणतो, वर्तमानपत्रात वाचतो, आणि त्यात पिल्लू आहे हे कुणाच्या गावी नसतं. शिवाय घरट्यातून बाहेर पडून फांदीवर बसलेलं पिल्लू मुलं 'पडलंय' म्हणून उचलून आणतात. त्याच्या अंगावर पिसं असतील तर ते फ्लेजलिंग आहे, आईबाप जवळच आहेत, ठेवा परत. हा शब्द कामाचा.

दुसरा पेन. लॅटिन पेन्ना म्हणजे पीस. पेन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही, ती छोट्या शेपटीच्या कुंचल्यावरून आली. तिसरा कॅलमस. मूळचा ग्रीक शब्द, अर्थ बोरू, वेत. तोच अरबीतून कलम होऊन आपल्याकडे आला. म्हणजे पिसाच्या बुडाला इंग्रजीत जे नाव आहे ते आपल्या दांडिया बाजारच्या जुन्या कारकुनांच्या कानावर होतं. हे दोन्ही कॅलमसच्या चित्राखाली, बारीक अक्षरांत. भाच्याने हरकत घेतली नाही. चित्राखाली जागा रिकामीच होती.

29 डिसेंबर

मोर. छाणीच्या बाजूला शेताच्या बांधावर होता. पावसाळ्यानंतर पिसारा झडतो, आता पुन्हा येतोय, म्हणून तो अर्धाच, जरा बांडा दिसतो.

ज्याला आपण शेपूट म्हणतो ते शेपूट नाही. पिसारा म्हणजे अपरटेल कव्हर्ट्स, शेपटीच्या मुळावरची झाकणपिसं, वाढून एवढी लांब झालेली. खरी शेपूट त्यांच्या मागे, 20 आखूड तपकिरी पिसांची. मोर नाचताना पाठीमागे जाऊन उभं राहिलं की ती दिसते, पिसाऱ्याला टेका देऊन ताठ उभी. सगळे पुढून बघतात, म्हणून कुणाला ठाऊक नसतं. कायद्यातही सूट शेपटीच्या पिसालाच लिहिलेली आहे. इंग्रजीत पिसाऱ्याला ट्रेन म्हणतात, राणीच्या झग्याचा मागे ओघळणारा भाग असतो ना, त्यावरून.

कव्हर्ट हा शब्द मुलांना आयुष्यभर लक्षात राहायचा असेल तर मोर हेच त्याचं चित्र. पंखावरची झाकणपिसं शेजारी लहान काढायची.

रंगाचंही इथेच. मोरपीस उजेडाकडे धरून आरपार पाहिलं तर निळं-हिरवं जातं, तपकिरी राहतं. काकूंच्या निळ्या बजरीगाराचं पीसही तसंच करून पाहिलं, मळकट करडं दिसलं. निळा रंग पिसात भरलेला नसतो. पिसाची सूक्ष्म रचना प्रकाश असा परतवते की आपल्याला निळं दिसतं. काळा-तपकिरी मेलॅनिन मात्र खराच रंग, आणि तो पीस मजबूतही करतो. पुष्कळ पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी का, याचं एक कारण हेच. टोकं सगळ्यात जास्त झिजतात.

5 जानेवारी 2025

प्लूम आणि प्लूमिज. सूनबाई दोन्ही एकच समजत होती, मुलंही समजणार. प्लूमिज म्हणजे अंगावरचा सगळा पिसांचा पोशाख. प्लूम म्हणजे एखादं लांब, मिरवायचं पीस. विणीच्या काळात छोट्या बगळ्याच्या मानेमागे दोन लांब पिसं लोंबतात आणि पाठीवर झिरझिरीत पिसं येतात. त्यांना फ्रेंचमधून आलेलं नाव एग्रेट (aigrette), पक्ष्याच्या एग्रेट (egret) या नावाचंच भावंड. आपल्याकडे पगडीवर खोवायची ती कलगी. कलगी-तुऱ्याची लावणी ऐकलेल्या घरात हे वेगळं समजवायला नको. (कोंबड्याचा तुरा पिसांचा नसतो, मांसाचा असतो, इंग्रजीत तो कोंब, आणि पिसांचा असला तर क्रेस्ट. बुलबुलला क्रेस्ट, कोंबड्याला कोंब. मराठीत दोघांनाही तुरा.)

युरोपात बायकांच्या हॅटांवर हीच पिसं लागायला लागली आणि विणीच्या वसाहतींत बगळे मारले जाऊ लागले, कारण पिसं तेव्हाच असतात. भारतातून जंगली पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर 1902 मध्ये बंदी आली. ब्रिटनने आयात 1921 च्या कायद्याने थांबवली. पक्षिसंरक्षणाची तिथली मोठी संस्था 1889 मध्ये निघाली तीही याच पिसांच्या फॅशनविरुद्ध. तक्त्यावर दोन ओळी, जास्त नाही.

16 जानेवारी

वासी उत्तरायणही (संक्रांतीचा दुसरा दिवस) उरकली. अगाशीवर जाऊन पतंग पाहिले नाहीत असं कधी होत नाही. उंधियू, जिलेबी, लपेटच्या आरोळ्या सगळं झालं. पण दोन दिवस भाचा जखमी पक्ष्यांच्या केंद्रावर होता. सरकारचं करुणा अभियान याच दिवसांत चालतं. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून बंदी आहे. काचेच्या सुती मांजानेही पंख कापतोच. पक्षी सकाळी बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, तेवढ्या वेळात तरी पतंग उडवू नका असं दरवर्षी सांगतात.

त्याच्याकडून आलेले दोन शब्द आज तक्त्यात गेले, दोन्ही आधी कुठेच नव्हते.

ब्लड फेदर. नव्याने वाढणारं पीस मेणासारख्या आवरणात गुंडाळलेलं असतं, तेव्हा ते पिन फेदर. आत रक्त खेळत असतं. ते मोडलं तर पक्षी भळाभळा वाहतो. पूर्ण वाढलेलं पीस मात्र मेलेलं, नखासारखं. कापलं तर दुखत नाही, रक्त येत नाही. पोपटाचे पंख छाटणारे याच भरवशावर छाटतात.

दुसरा इंपिंग. मांजाने शाराटीची प्रायमरी अर्ध्यावर कापली गेली तर जखम भरूनही ती उडू शकत नाही. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत नवीन येतं, पण कापलेलं पीस पुढच्या मोल्टपर्यंत तसंच राहतं, म्हणजे महिनोन्‌महिने पिंजऱ्यात. मोल्ट म्हणजे जुनी पिसं झडून नवी येणं. त्यावर ससाणे पाळणाऱ्यांची फार जुनी युक्ती अशी की कापलेल्या काडीच्या पोकळीत बारीक काडी बसवायची आणि तिच्यावर त्याच जातीच्या, त्याच जागेच्या पिसाचं टोक चिकटवायचं. त्याच जागेच्या, म्हणजे चौथ्या प्रायमरीच्या जागी चौथीच. आतून बाहेर की बाहेरून आत हा आमचा वाद भिंतीसाठी होता, तिथे तो पंखासाठी असतो.

26 जानेवारी, रविवार

कच्चा तक्ता मुलांपुढे ठेवला, कागदावर, चिकटपट्टीने.

पिसं फाडून मिटवण्यात अर्धा तास गेला. कॅलमस पाठ झाला, व्हेन झाला नाही, पातं झालं. मोराचा पिसारा ही त्याची शेपूट नाही हे ऐकून एक मुलगी भांडली, मग तिनेच मागून काढलेला फोटो सगळ्यांना दाखवला. एका मुलाने मोबाइलवर काळ्या पिसाचा फोटो आणला होता, 'मावशी, कावळा!' म्हणून. शब्दशः पराचा कावळा. कोकिळाचा नर काळा, कोतवाल काळा, शाराटी काळी. मग लांबी, पात्याची दोन्ही बाजूंची रुंदी, टोकाचा आकार असं बघत गेलो. पंखाच्या पिसाचं पुढचं पातं अरुंद, मागचं रुंद असतं; शेपटीच्या मधल्या पिसाचं दोन्हीकडे सारखं. त्याचं पीस दोन्हीकडे सारखं निघालं. शेपटीचं, एवढं नक्की झालं. कुणाच्या शेपटीचं, ते तसंच राहिलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

डोक्याचे शब्द फारच कच्चे आहेत. सुपरसिलियम म्हणजे भुवई एवढं सांगितलं की पुरतं. लोर्स, डोळा आणि चोच यांच्यामधली जागा, याला मराठी शब्द नाही, बोट ठेवावं लागतं. बगळ्यांत ही जागा उघडी असते आणि विणीच्या दिवसांत तिचा रंग बदलतो, म्हणून तो शब्द सोडताही येत नाही. सूनबाई डोकं मोठं करून वेगळं काढणार.

9 फेब्रुवारी, रविवार

छपाईवाल्याकडून प्रूफ आलं. अ‍ॅल्युलातला अ‍ॅ फुटलाय, सगळीकडे अ आणि पुढे चौकोन. रेक्ट्रिसेसमधला ट्र सुटा पडलाय. फाँट बदलायला सांगितला. मोराच्या चित्रावर बाण शेपटीऐवजी पिसाऱ्याकडे गेलाय, तो भाच्याने स्वतः बसून हलवला.

फ्लेक्स नको, कापडावर छापायचं. पिसं टाचता येतील. शब्द पन्नासच्या आत बसवले. ट्रेन आणि रेमिजेस कोपऱ्यात, लोर्स मध्यावर, मोठे. दोरी कुठल्या उंचीवर बांधायची यावर बरीच चर्चा झाली. बालवर्गातल्या मुलाचा हात कॅलमसला पुरला पाहिजे, असं ठरलं. मोठ्यांना वाकायला हरकत नाही.

काकूंनी निळी पिसं पाकिटात घालून दिली आहेत. कोंबडीची पिसं धुऊन, तुरटीच्या पाण्यातून काढून अगाशीवर वाळत टाकलीत; कबुतरं आजूबाजूला फिरताहेत. छपाई बुधवारी.